वाघदेवाचे डोळे माझ्या खिशात

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की एक धीट गृहस्थ जंगलात गेला आणि प्रसंग पाहून घाबरला. मी चिपळुणात एसटीत बसतानाच घाबरलेलो होतो. परक्या गावात व्याख्यान द्यायचं म्हणून घाबरलो होतो, ऐन वैशाखात मराठवाड्यात जायचं म्हणून घाबरलो होतो, आणि मांडीवरची हापूसची पेटी वाटेतच पिकली तर शेजारचे प्रवासी काय करतील, याचीही धास्ती होती. त्यांनी काही केलं नाही. एकाने फक्त ती पेटी माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि तिच्यावर डोकं ठेवून झोपला. उतरताना म्हणाला, "झोप गोड लागली हो."

व्याख्यान ठरवलं होतं वंदना सोनवणेनं. ती छत्रपती संभाजीनगरला एका कॉलेजात इतिहास शिकवते. माझे दोन-चार लेख तिने वाचले, त्यातल्या चुका फोन करून कळवल्या, आणि तिथून आमची ओळख वाढली. ती भिल्ल समाजातली. विषयही तिनेच दिला होता: प्राचीन भारतीय समाजातला आदिवासींचा इतिहास आणि त्यांचं चित्रण. मी जन्मभर हाच कालखंड शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे विषयाची भीती नव्हती. ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांच्यातलंच माणूस पहिल्या रांगेत बसणार, याची होती.

औरंगपुरा

सभागृह औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या वर होतं. खाली स्कूटरवाले भांडत होते आणि वर मी निषाद, शबर, पुलिंद, किरात अशी नावं घेत होतो. ही नावं त्या लोकांनी स्वतः घेतलेली नाहीत, दुसऱ्यांनी दिलीत, असं म्हणालो. युद्धाचा पश्चात्ताप झालेल्या सम्राटाने सगळ्यांना अभय दिलं, पण रानातल्या लोकांना मात्र दगडावर कोरून बजावलं की मला वाईट वाटतंय, तरी माझ्या हातात अजून बळ आहे, हे विसरू नका. इथे मी आवाज खाली आणला. ज्या राजाला रानाची भीती वाटते, तो रानातल्या माणसाला राक्षस करतो, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं फिरतं. त्या भरात मी म्हणालो, "आणि रानातले देव? ते आपण शेंदराखाली गाडलेत. वेशीवरचा कुठलाही दगड घ्या, शेंदूर बाजूला करा, आत दोन हजार वर्षांपूर्वीचा एखादा यक्ष सापडेल."

वंदनाने टाळी वाजवली नाही. ती वहीत काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, माझं वाक्य लिहून घेतेय. नंतर कळलं, मांडवाच्या सामानाची यादी करत होती.

संध्याकाळी तिने नान-खलिया खायला नेलं. सोबत सलीमभाई होता, तिच्या कॉलेजवाल्यांचा नेहमीचा ड्रायव्हर. आमच्याकडे मटणाला नारळ लागतो, इथे त्या पिवळ्या तवंगाखाली काय आहे ते बोट भाजल्याशिवाय कळत नाही. मी बोट चोखत असताना वंदना म्हणाली, "सर, आमच्यावर एवढा वेळ बोललात. भिल्लाच्या घरी जेवलाय कधी?"

"योग आला नाही."

"परवा माझ्या भावाचं, किसनचं लग्न आहे. अजिंठ्याच्या डोंगरात आमची भिलाटी आहे, छोटी वस्ती. उद्याच चला. बा म्हणत होता, लग्नाच्या आदल्या दिवशी परका माणूस नको. मी म्हटलं, परका नाही, आपल्यावर बोलणारा आहे."

"तिकडे वाघबिघ?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

सलीमभाईने नानचा तुकडा मोडला. "वाघ नै सर, बिबट्या. डरो नक्को. पिछले हफ्ते सिर्फ बकरी ले गया."

अजिंठा

सकाळी फुलंब्री ओलांडली तेव्हा ऊन गाडीच्या टपावर बसलं होतं, सिल्लोडला ते आत आलं. तिथे वाटेत भजी खाल्ली. शेजारच्या ठेच्याला मी चटणी समजलो. ती मिरची घशातून उतरली नाही, कानातून गेली. सलीमभाईने दोन ग्लास पाणी दिलं आणि तिसरा स्वतः प्यायला, माझ्याकडे पाहूनच त्याला तिखट लागलं होतं.

वाटेवर आहेत तर लेणी पाहू, असा हट्ट मी धरला. अजिंठ्याला जे गेले नाहीत त्यांना सांगतो: बाहेर डोळे दिपवणारं ऊन असतं आणि आत पाऊल टाकलं की काहीच दिसत नाही. मग हळूहळू भिंत उजळते. एक डोळा दिसतो, मग हार, मग हात. माणसं अंधारातून तुमच्याकडे बघत असतात आणि तुम्हाला अजून त्यांचा चेहरा दिसलेला नसतो. मला ते आवडत नाही. मी वंदनाच्या मागे मागे होतो.

हत्तीच्या कथेतल्या शिकाऱ्यापाशी ती थांबली. राजाराणी मधोमध, गोरे, दागिन्यांत. शिकारी बाजूला, सावळा, उघडा.

"यांचं सगळं ठीक आहे," ती म्हणाली, "पण चित्रकाराने याला कायम कडेलाच का बसवला असेल?"

मी बोलायला तोंड उघडलं.

"उत्तर नका देऊ सर. दोन तास दिलंय."

गाडीत बसल्यावर तिनेच गंमत म्हणून एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे लग्न नवऱ्याच्या वस्तीवर लागतं. नवरीकडचे घाटाखालून, खानदेशातून येणार. येताना वेशीवर वाघदेवापाशी थांबणार, त्याला हळद लावणार आणि मगच आत पाऊल टाकणार. नवरीची आजी, सोनाबाई, या बाबतीत फार कडक. मागे तिने दुसऱ्या एका नातीचं वऱ्हाड दुसऱ्या एका वस्तीच्या वेशीवरून परत फिरवलं होतं.

"का?"

"देवाचा एक डोळा गळलेला होता म्हणून. म्हणाली, ज्या गावचा वाघ आंधळा, त्या गावात पोरगी देत नाय. ते लग्न पुन्हा झालंच नाही. किसनला आधीच झोप नाही. त्याला ही मुलगी फार आवडलीय."

मी हसलो. ते हसणं मला पुढे फार महाग पडलं.

भिलाटी

डांबरी रस्ता संपला, मग कच्चा संपला, आणि मग सलीमभाई नाल्यातूनच गाडी चालवू लागला. सागाची बरीचशी पानं गळून गेली होती. उघड्या डोंगरात दूरवरचं दिसतं आणि तरी काही दिसत नाही. आमच्या कोकणातल्या रानात भीती वाटते ती गर्दीची. इथे ती मोकळ्या जागेची वाटली.

दहा-पंधरा घरं, मधोमध जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव. वंदनाचे वडील, सुपडूबाबा, खाटेवर बसून दोरी वळत होते. उंच, वाळलेला माणूस. मी आंब्याची पेटी पुढे केली. त्यांनी एक आंबा घेतला, हुंगला आणि पेटी लेकीकडे दिली.

"वंदी म्हणती, तुम्ही आमचा इतिहास सांगता."

"थोडाफार."

"मंग आमच्या आज्याचं नाव काय व्हतं?"

मी वंदनाकडे पाहिलं. ती आंबे मोजण्यात गुंतलेली होती.

"अवो, चेष्टा केली," सुपडूबाबा म्हणाले. "बसा. वंदी, पाव्हण्याला भाकर दे. लई वाळलाय."

कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कच्चा कांदा. ठेचाही आला, पण मी आता शहाणा झालो होतो. जेवताना बायका नवरीकडच्यांविषयी बोलत होत्या आणि मध्येच आवाज उतरवून बिबट्याविषयी. शेवटची बकरी कुठून नेली, त्याची जागा एकीने हाताने दाखवली. ती जागा मी बसलो होतो तिथून फार जवळ होती.

दुपारी सगळे मांडवाच्या कामाला लागले. सलीमभाई गाडीत झोपला. मला कुणी काम देईना. एकदा बांबू धरला, तर तो दुसऱ्याच्या डोक्यात गेला. वंदना म्हणाली, "सर, तुम्ही जरा फिरून या. लांब नका जाऊ."

लांब गेलो नाही. वेशीपर्यंतच गेलो.

वेस

नाल्याच्या काठावर एक पळस, त्याखाली गुडघ्याएवढा उंच वाघदेव. शेंदराचा नुसता गोळा, टणक, चकाकणारा, आणि त्यात पितळेचे दोन डोळे रानाकडे लागलेले. चार पायही होते, शेपटीचा वळसाही होता, म्हणजे मला तसं वाटलं. आमच्याकडे वाडीच्या तोंडाशी राखणदार असतो, त्याला नारळ दिल्याशिवाय विहीर खणत नाहीत. ते खोबरं मी लहानपणापासून खातोय आणि वर्गात त्याला लोकश्रद्धा म्हणतोय. म्हणून मी वाघदेवाला नमस्कार केला, अर्धा.

मग मला ती कड दिसली. पोटाच्या बाजूला शेंदराचं कवच दगडापासून किंचित सुटलेलं होतं. खपली सुटलेली दिसली की माणसाचं बोट जसं आपोआप जातं, तसं माझं गेलं. आत काहीतरी काळं दिसलं. सभागृहातल्या टाळ्या मला पुन्हा ऐकू आल्या. दोन हजार वर्षांपूर्वीचा यक्ष, आणि त्याला उजेडात आणणारा मी. आंबा कापायचा चाकू खिशात होता. म्हटलं, नुसतं टोक घालून बघू.

टोक घातलं. 'टक' असा आवाज झाला आणि वाघदेवाचा पुढचा सगळा भाग, तोंड, छाती, पुढचे पाय, भिंतीचा गिलावा सुटावा तसा माझ्या पायावर आला. त्याचे तुकडे झाले. डोळे दोन्ही उडाले. एक पाचोळ्यात, एक माझ्या चपलेत.

आत दगड होता. साधा काळा दगड, नाल्यात पडलेले असतात तसा. छिन्नीचा एक ओरखडासुद्धा नाही. पाय, शेपूट, तोंड, जे काही होतं ते शेंदराचंच होतं, आणि ते आता माझ्या भोवती पडलेलं होतं.

मला सोनाबाईची आठवण झाली. मघाशी एका डोळ्याची गोष्ट ऐकून मी हसलो होतो.

इथे कुणी शहाणा माणूस धावत जाऊन सांगेल. मी काय केलं? तुकडे उचलून परत चिकटवायला बसलो. थुंकी लावायची हिंमत होईना, देव होता. खांद्यावरच्या पिशवीत वाटेत खायला ठेवलेला एक आंबा होता. त्याचा रस लावला. तोंडाचा तुकडा क्षणभर चिकटला, मी हात सोडला, तो पडला. पुन्हा लावला. मग पळसाच्या मुळातून मुंग्या निघाल्या. आधी एक, मग रांग, मग वाघदेवाच्या उघड्या छातीवर काळी हलती साय. मी मुंग्या उडवायला गेलो तर त्या माझ्या हातावर चढल्या. मी नाचत होतो, आणि वर झाडावर बसलेली वानरं एकदम गप्प होऊन माझ्याकडे बघत होती.

मग मी डोळे खिशात घातले आणि वस्तीवर परत आलो. चेहरा शक्य तितका साधा ठेवला होता.

चहा आला. मी तो बशीत ओतला. सुपडूबाबा म्हणाले, "सांच्याला वाघदेवाकडं जायचं. उद्या वऱ्हाड यायच्या आदी आपली हळद लागली पायजे." किसन, नवरा मुलगा, समोर बसला होता, बापाचं बोलणं ऐकून त्याने हळदीच्या हातांनी केस नीट केले. वीस-बावीसचा पोरगा. ते पाहून मी बशी तशीच खाली ठेवली आणि उठलो.

मी वंदनाला मांडवामागे बोलावलं. "एक छोटीशी गोष्ट झालीय. वाघदेवाचा थोडा शेंदूर..."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "सर, नीट सांगा. किती?"

"पुढचा."

"पुढचा म्हणजे किती?"

"सगळा."

"आणि डोळे?"

मी खिशात हात घातला. "हे बघ. नीट आहेत."

तिने डोळे घेतले नाहीत. मग म्हणाली, "मी बाला म्हणाले होते, हा माणूस आपला आहे." एवढंच बोलून ती वडिलांकडे गेली. मी तिच्या मागून गेलो, कारण एकटं उभं राहायची भीती वाटली.

सुपडूबाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढे केला, मी डोळे दिले. त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसले, ओठांपाशी नेले आणि छातीशी धरून ठेवले.

"आत काय घावलं?"

"काही नाही. दगड."

"व्हय." त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. मग सलीमभाईकडे वळले. "भाऊ, अजिंठ्याला जाऊन शेंदूर आन. अन गोडं तेल."

सलीमभाई डोळे चोळत होता. "हौ बाबा. मगर दुकानवाला पूछेगा ना, सलीम, तेरे को शेंदूर कायको होना?"

"मंग काय सांगशील?"

"बोलूंगा, कोकन का मेहमान है. कुछ भी कर सकता." तो गाडी घेऊन गेला.

मी म्हणालो, "तोवर मी काय करू?"

"तुम्ही तिथं बसा," सुपडूबाबा म्हणाले. "उघडा देव आमी एकटा ठेवत नाय. ज्यानं उघडा केला त्यानं राखायचा. अन बसताना तोंड रानाकडं करा. तो तिकडंच बघत असतो. आत्ता त्याला दिसत नाय. तुम्ही बघा."

"पण बाबा, तिकडे तो बिबट्या..."

"म्हून तर."

वंदना माझ्याकडे बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

मी वेशीवर जाऊन बसलो. ऊन उतरत होतं. पाठीमागे उघडा दगड, समोर नाला आणि नाल्यापलीकडे पानगळीचा डोंगर. सागाचं वाळलेलं पान पडतं तेव्हा कुणीतरी जपून पाऊल टाकल्यासारखा आवाज होतो. अशी पानं सतत पडत होती. प्रत्येक पानाला मी उठत होतो आणि पुन्हा बसत होतो. वस्तीवरून बायकांची हळदीची गाणी येत होती. वारा फिरला की गाणी बंद पडत आणि नुसतं रान उरे.

वस्तीवरचं एक तांबडं कुत्रं येऊन माझ्याजवळ बसलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्याशी बोलू लागलो. सम्राटाच्या त्या शिलालेखाविषयीच बोललो, दुसरं काही सुचेना. रानातल्या लोकांनो, मला वाईट वाटतंय, तरी माझ्या हातात बळ आहे. सभागृहात ते वाक्य मी वरून बोललो होतो, धमकी देणाऱ्याची कीव करत. आता वाटलं, ते कोरून घेताना तोही असाच घाबरलेला असेल. माझ्या हातात तर आंब्याचा चाकू होता.

मग वानरं ओरडली. चरताना करतात तो कलकलाट नव्हे, एकच कोरडा खॅक, थांबून पुन्हा खॅक. कुत्रं उठलं. त्याचे कान नाल्याच्या वळणाकडे लागले. ते भुंकलं नाही. शेपूट पोटाखाली घेऊन, माझ्याकडे न बघता, वस्तीकडे निघून गेलं. कुत्र्याने आपल्याला सोडून जाणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

नाल्याच्या वळणावर पाचोळा वाजला. यावेळी पान नव्हतं. एक, मग थांबणं, मग एक. पळायचं होतं, पण मग देव एकटा राहिला असता, आणि खरं सांगायचं तर पाठ फिरवायची त्याहून भीती होती. मी मागे सरकत गेलो आणि माझी पाठ दगडाला टेकली. दिवसभराच्या उन्हाने तो गरम होता, एखाद्या जनावराच्या कुशीसारखा. मी दोन्ही हात मागे नेऊन त्याला धरलं. मुंग्या चावत होत्या. मी हललो नाही. त्या वळणाकडे बघत राहिलो. पापणी लवली तर तेवढ्यात काहीतरी पुढे येईल, असं वाटत होतं. मी जन्मात कुठल्याही गोष्टीकडे इतकं लक्ष देऊन पाहिलेलं नाही.

आवाज थांबला. पुन्हा आला नाही. तो गेला, की तिथेच बसून माझ्याकडे बघत होता, ते मला आजही माहीत नाही.

दिवेलागणीला सुपडूबाबा, वंदना आणि सलीमभाई आले. सलीमभाईच्या हातात शेंदराचा पुडा होता. मला दगडाला मिठी मारलेलं पाहून तो म्हणाला, "सर, छोडो अब उनको," आणि माझी बोटं एकेक करून सोडवली.

सुपडूबाबांनी कवचाचे तुकडे गोळा केले. एक तुकडा कंदिलाशी धरला. कडेला थरांवर थर दिसत होते, कांद्यासारखे, कुठे तांबडे, कुठे काळपट. वस्तीवर लग्न झालं की नवऱ्याकडच्या थोरल्याने एक हात शेंदूर लावायचा, असा तिथला रिवाज. त्यांनी वरच्या थरावर नख ठेवलं, मग मधले सोडत आत नेत गेले. "हे वंदीच्या मोठ्या भावाचं. हे माजं. हे बापाचं असंल." आणखी आत बोट नेलं. "फुडचं ठावं नाय."

मी आयुष्यभर शिलालेखांत आणि भिंतींवर या लोकांना शोधलं होतं, दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांच्या कडांना. ते त्या म्हाताऱ्याच्या नखाखाली होते आणि मी ते चाकूने फोडले होते. मी तसं काहीतरी बोलायला गेलो. वंदना म्हणाली, "सर, आता कुटा."

मी ते तुकडे दगडावर कुटले. त्यात नवा शेंदूर आणि तेल घालून सुपडूबाबांनी गोळा मळला. ज्याने काढला त्यानेच लावायचा, म्हणून मी लावला. ते सांगत गेले, मी हात फिरवत गेलो. छाती, पाय, तोंड. माझा वाघ बराचसा बोक्यासारखा झाला. सलीमभाई कंदील धरून म्हणाला, "कान थोडा ऊपर." डोळे मात्र सुपडूबाबांनी स्वतः बसवले. मग माझ्याकडे वळले.

"हे सकाळपातूर वाळत नाय. सोनाबाईनं इचारलं तर खोटं बोलायचं नाय. नाय इचारलं तर बोलायचंच नाय."

वऱ्हाड

शेंदूर तेलात असला की साबणाला दाद देत नाही. सकाळी माझे हात मनगटापर्यंत लाल होते. मी ते पाठीमागे धरून गर्दीच्या शेवटी उभा राहिलो. सोनाबाई कशी दिसत असेल याची रात्रभर कल्पना केली होती; प्रत्यक्षात ती माझ्या कोपराएवढी, पांढऱ्या केसांची, चष्म्याला दोरी बांधलेली म्हातारी निघाली. ती गाडीतून उतरली, ढोल थांबले आणि ती एकटी वाघदेवाकडे चालत गेली.

आधी डोळे बघितले. मग तोंड, जरा जास्त वेळ. मग हळदीचा हात छातीवर ठेवला आणि काढला. तळहात तिने उन्हात धरला. हळदीवर शेंदूर आला होता.

"ओला हाय," ती म्हणाली. "कोणी लावला?"

किसन वेशीत बांधलेल्या तोरणाच्या खांबाशी उभा होता. मुंडावळ्यांआड त्याचा चेहरा दिसत नव्हता, हात मात्र दिसत होते. दोन्ही हातांनी त्याने खांब धरला होता.

"पाव्हण्यानं," सुपडूबाबा म्हणाले.

"कंच्या?"

सगळे माझ्याकडे वळले. गर्दी अशी बाजूला झाली की मी एकाएकी रिकाम्या जागेत उभा होतो.

"हात दावा," सोनाबाई म्हणाली.

मी दाखवले.

"कामून?"

खोटं बोलायला माझ्याकडे एक चांगला नवस तयार होता, पहाटेच जुळवला होता. सुपडूबाबा जमिनीकडे बघत होते. वंदना माझ्याकडे.

"आधीचा मी खरवडला," मी म्हणालो. "आत जुनी मूर्ती असेल असं वाटलं."

कुणीतरी तोंडाने आवाज केला. सोनाबाईने हात वर केला, तो थांबला.

"घावली?"

"नाही. दगड होता."

"अन मंग?"

"मग याला उघडा ठेवून जायचं नाही म्हणून मी इथे बसलो. अंधार पडेपर्यंत."

"एकले?"

"हो. कुत्रं होतं. ते गेलं."

तिने चष्मा वर सरकवला.

"भ्या वाटलं?"

"फार."

"कोनाचं? वाघाचं का देवाचं?"

मी विचार केला. हा प्रश्न मला सभागृहात कुणी विचारला असता तर मी दोन्ही बाजूंनी बोललो असतो.

"तेव्हा मला ते दोन वेगळे वाटले नाहीत," मी म्हणालो.

सोनाबाईने मान हलवली, हो म्हणून का आणखी कशासाठी, ते कळलं नाही. तिने पुन्हा एकदा वाघदेवाचं तोंड निरखलं.

"बोका झालाय," ती म्हणाली. "पर बराबर राखलं." मग मागे न बघता ढोलवाल्याला म्हणाली, "वाजीव रे," आणि वेस ओलांडून आत गेली.

ढोल सुरू झाले, माणसं तिच्या मागून चालू लागली, कुणीतरी किसनचे हात खांबापासून सोडवले. मी तिथेच उभा होतो, हात पुढे धरून. वंदना आली आणि तिने ते खाली केले.